मे महिन्यातली भेग

नागपुरात पावसाची झड लागली की गॅरेजांसमोर ज्या गाड्या येऊन उभ्या राहतात, त्यांतल्या बऱ्याचशा तिथं पोचेपर्यंत बऱ्या झालेल्या असतात. सकाळी आठला स्कूटर काही केल्या सुरू होत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही. शेजारचे काका चोक ओढायला सांगतात, आणि या नव्या स्कूटरला चोकच नसतो. अकराच्या सुमारास आभाळ उघडतं, तासभर ऊन लागतं आणि तीच स्कूटर पहिल्या फेरीत चालू होते. मालक तरीही ती घाट रोडच्या गॅरेजात घेऊन जातो, कारण आदल्या आठवड्यातही असंच झालेलं असतं. मिस्त्री बटण दाबतो. गाडी सुरू. मिस्त्री मालकाकडे बघतो, मालक गाडीकडे. मग ‘आता आणलीच आहे तर’ म्हणून प्लग बदलला जातो, एअर फिल्टर झटकला जातो, पंपावरच्या पेट्रोलला दोन शिव्या बसतात. पुढच्या झडीत पुन्हा तेच.

ओलाव्याचा बिघाड असा असतो. गळणारं तेल खाली डाग सोडून जातं, घासलेला ब्रेक आवाज करतो. ओलावा मात्र उन्हाबरोबर उडून जातो आणि मागं काहीच ठेवत नाही. त्यामुळं सगळा दोष पावसाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. पण त्याच पावसात, त्याच रस्त्यावर, त्याच कंपनीच्या इतर गाड्या चालत असतात. इंजिनावर चार शिंतोडे उडणारच हे गृहीत धरूनच गाडी बनवलेली असते. पाणी आत शिरलं, म्हणजे आत शिरायला वाट होती. ती वाट नागपुरात बहुतेक वेळा उन्हाळ्यात तयार झालेली असते.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हे सावलीतल्या हवेचं तापमान. बोनेटखाली कूलंटच ९० अंशांच्या आसपास फिरत असतो, एक्झॉस्टच्या जवळ तर त्याहून कितीतरी जास्त. थंड हवेच्या गावात गाडी उभी केली की हा भाग निवतो. इथं मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेली गाडी नीट निवतच नाही. वायरीवरचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू उडून जातात आणि वायर वाकवली की कडकड आवाज करत तडकते. वायरी जोडणाऱ्या कपलरची जिभली, जी दाबल्यावर ‘टक’ करून बसायला हवी, ती ठिसूळ होऊन तुटते. मग कपलर बसलेला दिसतो, पण अडकलेला नसतो. त्याच्या आतली रबरी रिंग वर्षानुवर्षं दाबली जाऊन चपटी होते आणि कडा सोडते. काळ्या इन्सुलेशन टेपचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेपचं टोक सुटून लोंबतं. हे सगळं होत असताना गाडी उत्तम चालत असते, कारण कोरड्या हवेत उघडी वायरसुद्धा निमूट काम करते. जूनच्या मध्यावर मान्सून येतो आणि मे महिन्यातली भेग तेव्हा दिसते.

पाणी आणि वीज यांचं नातं नागपूरकराला वेगळं शिकवायला नको. घरोघरी कूलर आहेत आणि कूलरच्या शॉकनं माणूस दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचावी लागते. पण कूलरमध्ये २३० व्होल्ट असतात. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांचे २० ते ३० हजार व्होल्ट करते. गॉटलोब होनोल्ड या जर्मन इंजिनिअरनं १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, तेव्हापासून हा दाब आवरून धरणं ही इंजिनाच्या वायरिंगची मुख्य डोकेदुखी आहे. शुद्ध पाणी विजेचं फारसं चांगलं वाहक नाही. इंजिनावरचं पाणी मात्र शुद्ध नसतं. त्यात धूळ, तेलाचा थर, ब्रेकची काजळी, रस्त्यावरचा चिखल असं सगळं कालवलेलं असतं. त्या ओल्या थराची कागदाइतकी पातळ पापुद्री पुरते; वीज प्लगच्या टोकापर्यंत जायचे कष्ट न घेता त्या थरावरून जवळच्या लोखंडात उतरते.

इथं एक जुनी परीक्षा फसवते. प्लग काढून इंजिनाच्या डोक्याला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी बघायची. ठिणगी दिसली की ‘करंट बरोबर आहे’ असा निर्णय. पण उघड्या हवेत ठिणगी पडायला कमी दाब लागतो. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर त्याच फटीतून उडी मारायला विजेला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून बाहेर सुरेख निळी ठिणगी देणारा प्लग आत गेल्यावर हार मानतो आणि वीज ओल्या बाजूच्या वाटेनं निघून जाते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमधला दाब आणखी वाढतो. त्यामुळं अशी गाडी सिग्नलला उभी असताना शहाण्यासारखी गुरगुरते आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाच्या चढावर झटके द्यायला लागते. ‘उभी असताना ठीक, लोड आला की मिसिंग’ हे गाऱ्हाणं ऐकलं की हाय टेन्शनची, म्हणजे उच्च दाबाची, बाजू आधी बघावी, असं जुने मिस्त्री सांगतात ते याचसाठी.

अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीच्या काळात हे सगळं डिस्ट्रीब्युटरच्या टोपीत शोधायचं. टोपी काढायची, आतून कोरड्या फडक्यानं पुसायची, पुन्हा लावायची. पावसात बंद पडलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर हे रस्त्याच्या कडेलाच उरकायचा. कधीकधी पुसूनही उपयोग व्हायचा नाही. टोपी उन्हाकडे धरून नीट बघितली तर आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसायची. वीज एकदा प्लॅस्टिकवरून गेली की वाटेत ते जाळते, आणि जळालेल्या प्लॅस्टिकचा कोळसा स्वतःच वाहक असतो. एकदा ही रेघ उमटली की टोपी कोरडी केली तरी वीज तीच वाट धरते. अशी टोपी फेकून द्यायची. आज डिस्ट्रीब्युटर गेला, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची छोटी कॉइल आली. पण ती काळी रेघ आता प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर आणि कॉइलच्या रबरी बुटाच्या आत सापडते. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो, तिच्यात पाणी साचलं तर ते कित्येक दिवस हटत नाही.

तरीही नव्या गाड्यांतला अवघड भाग हाय टेन्शनचा नाही. तो आहे अशक्त विजेचा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि दुचाकींतला कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. आता साध्या स्कूटरलाही इंजेक्टर आहे, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक आहे, आणि त्याला माहिती पुरवणारे सेन्सर आहेत. यातल्या बऱ्याच सेन्सरांचा कारभार ५ व्होल्टांवर चालतो. तिथं ठिणगी उडत नाही, वास येत नाही, काही जळत नाही. कपलरच्या दोन पिनांमध्ये ओल्या चिखलाचा पूल तयार झाला की थोडीशी वीज इकडची तिकडे जाते आणि ईसीयूला खोटी बातमी मिळते: थ्रॉटल उघडलंय, इंजिन तापलंय, हवा जास्त येतेय. तो बिचारा त्या बातमीवर विश्वास ठेवून पेट्रोल कमीजास्त करतो आणि गाडी गुदमरते.

यात सगळ्यांत घातकी कपलर क्रँक सेन्सरचा. इंजिन फिरतंय की नाही आणि पिस्टन कुठं आहे, हे ईसीयूला हा सेन्सर सांगतो. तो अनेक गाड्यांत खाली, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या माऱ्यात बसलेला असतो. त्याचा संदेश तुटला की ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. तो ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही. म्हणून जाणता मिस्त्री बोनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारतो: बंद कशी पडली? झटके देत देत, की किल्ली काढल्यासारखी एकदम? झटके देत पडली असेल तर ठिणगी किंवा पेट्रोल यांतलं काहीतरी अडखळतंय. एकदम पडली असेल तर क्रँक सेन्सर, मुख्य रिले, पेट्रोल पंपाची लाइन, नाहीतर अर्थिंग. या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं तर अर्धा दिवस वाचतो. मिळत नाही, कारण मालकाला आठवतो तो मागून वाजणारा हॉर्न.

मग स्कॅनर लावतात. स्कॅनर पी ०३३५ असा कोड दाखवतो, त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये. त्यात सेन्सर आला, दोन-तीन वायरी आल्या, कपलर आला, ईसीयूची पिन आली. पण बदलला जातो सेन्सर, कारण तो डब्यात मिळतो आणि वायर डब्यात मिळत नाही. यंत्राचा आकडा आणि खरी गोष्ट यांच्यात किती अंतर असू शकतं, याचा धडा नागपूरला फुकटात मिळालेला आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली, मोबाइलवर फोटो फिरले. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्याच दिवशी इतर काही केंद्रं ४४ अंशांच्या आसपास होती. तिथं निदान शेजारी ताडून बघायला दुसरी केंद्रं होती. गाडीत क्रँक सेन्सर एकच असतो. त्यामुळं कोड आला की पहिलं काम सेन्सर मागवण्याचं नसून कपलर सोडवून आत डोळे घालण्याचं आहे. चांगल्या स्कॅनरवर कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही दिसते: वेग किती, इंजिनाचं तापमान किती, लोड किती. कोड पुसून टाकण्याची घाई झाली की ती नोंदही जाते, आणि दुर्दैवानं गाडी ताब्यात आल्याबरोबर कोड पुसणं हा अनेक ठिकाणचा शिरस्ता आहे.

खरा तपास म्हणजे गेलेला पाऊस परत आणणं. सर्व्हिस सेंटरचा जेट पंप त्यासाठी नको. इस्त्रीवाले वापरतात तसली फवाऱ्याची बाटली लागते. इंजिन चालू ठेवायचं, शक्य असेल तर अंधार करायचा, आणि खालून सुरुवात करायची. एका जागी बारीक फवारा, मग थांबायचं. पाणी फटीतून झिरपायला वेळ घेतं; घाईत सगळीकडे मारलं तर बंद पडेलही, पण कशानं ते कळणार नाही. क्रँक सेन्सरचा कपलर, थांबा. कॉइलचे बूट, थांबा. फ्यूज बॉक्सची कड, थांबा. हाय टेन्शनची गळती असेल तर अंधारात निळसर रेघ नाचताना दिसते, टिकटिक ऐकू येते. काही लोक परिणाम लवकर दिसावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. ते करू नये. आजचा बिघाड सापडेल आणि पुढच्या वर्षीचे चार पेरले जातील. चालू इंजिनावर हे करताना हात आणि सैल कपडे वायरींपासून लांब हवेत, हेही सांगायला हवं, कारण तो झटका जोरदार बसतो.

फवाऱ्यानं सापडलं नाही तर दुखणं वायरीच्या पोटात असतं. तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं. कपलरपाशी शिरलेलं पाणी वीतभर आत जाऊन तिथं तांबं खातं. वरून वायर नवीकोरी दिसते, आत हिरवी भुकटी झालेली असते. मीटरवर रेझिस्टन्स मोजला तर शाबूत उरलेली एक तारसुद्धा ‘ठीक’ असा आकडा देते. म्हणून करंट वाहत असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. अर्थिंगच्या जोडावर दशांश एक-दोन व्होल्टांहून जास्त हरवत असतील तर तो बोल्ट उघडून खालचा गंज घासायला हवा. नागपुरातल्या काळ्या मातीचा चिखल अशा बोल्टांच्या खाचेत बसतो आणि वरून वाळला तरी खाली बराच काळ ओल धरून राहतो.

या तपासातच एक दुष्टचक्र आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लाइन येते की नाही हे बघायला टेस्ट लॅम्पची सुई वायरीत टोचतात. दिवा लागतो, काम होतं, सुई निघते, भोक राहतं. पुढच्या पावसात पाणी त्याच भोकातून आत. म्हणजे यंदाच्या निदानानं पुढच्या वर्षीचा रोगी तयार केलेला असतो. कपलरच्या मागच्या बाजूनं पिनेला सुई लावता येते, ती पद्धत बरी. टोचलंच तर भोक बुजवावं. हॉर्न, फॉगलॅम्प, ट्रॅकर, अलार्म बाहेरून बसवताना जे जोड मारले जातात ते याहून वाईट: दोन तारा पिळल्या, काळी टेप गुंडाळली, झालं. ती टेप इथल्या मे महिन्यात टिकत नाही. जोड डाग देऊन पक्का करावा आणि वर आतून डिंक असलेली आकसनळी चढवावी, म्हणजे पाणी रोखलं जातं. कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरतात तेही याचसाठी. ते वीज नेत नाही, पाण्याची जागा अडवतं. लोक मात्र सर्रास डब्ल्यूडी-४० फवारून निश्चिंत होतात. ते १९५३ मध्ये सॅन दिएगोला तयार झालं आणि नावातच त्याचं काम आहे: पाणी हटवणं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. बंद पडलेली गाडी घरापर्यंत आणायला ते झकास. भेग ते बुजवत नाही.

बोनेटखालच्या दोन गोष्टींत नागपूरचा खास वाटा आहे. एक, कडुनिंब. काचेच्या खालच्या पन्हाळीत झाडाचा पाला साचतो, पाणी जाण्याची भोकं बुजतात आणि साचलेलं पाणी दुसरी वाट शोधत काही गाड्यांत थेट फ्यूज बॉक्सवर किंवा ईसीयूच्या दिशेनं उतरतं. झाडाखाली सावलीत गाडी लावण्याची ही किंमत. सावली सोडवत नाही, पण पाला हातानं काढता येतो. दुसरी गोष्ट उंदीर. पावसानं बिळं भरली की त्यांना कोरडी, उबदार जागा लागते. मग ते कुरतडतात, आणि त्यांनी सोडलेल्या उघड्या तांब्याला जुलैची हवा पुरते.

आता पुराची गोष्ट: २३ सप्टेंबर २०२३. त्या शनिवारी पहाटे विमानतळावरच्या वेधशाळेत साडेपाचपर्यंत १०६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातला बहुतेक मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत पडलेला. १८७० सालचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या घरांत पाणी शिरलं, मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या राहिल्या. त्या पुरात पूर्ण बुडालेल्या गाड्यांचं निदान सोपं होतं. अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात अशा इंजिनाचं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवायची, कारण पाण्यात वीज चालू राहिली तर पिना तासातासाला झिजतात. हे बहुतेकांना आता माहीत झालंय.

कठीण होत्या त्या अर्ध्या भिजलेल्या गाड्या. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं, ओसरलं, गाडी सुरू झाली, देव पावला. पण ते पाणी नाग नदीचं होतं, म्हणजे गाळ आणि सांडपाणी. ते कपलरांत शिरून वाळलं आणि क्षारांचा थर मागं ठेवून गेलं. असा थर हवेतला ओलावा ओढून घेतो. मग हिवाळ्यात दवाच्या सकाळी गाडी अडते आणि पुराशी तिचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. नरेंद्रनगरच्या भुयारी रस्त्यातून किंवा लोहापुलाखालून साचलेल्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांचं थोडं वेगळं. तापलेलं इंजिन पाण्यात जातं, कपलरमधली गरम हवा एकदम निवून आकसते आणि जुन्या रिंगच्या कडेनं पाणी आत ओढते. पाणी नुसतं उडत नाही, शोषलं जातं. अमेरिकी लष्करासाठी १९५० च्या सुमारास एम-३८ जीप निघाली तेव्हा तिची २४ व्होल्टांची ठिणगी-यंत्रणा जलरोधक केलेली होती. घरगुती गाडीला तेवढा बंदोबस्त कोण देणार? तिच्याजवळ चपटी झालेली रबरी रिंगच असते.

आणि दसरा. पाऊस ओसरलेला, आभाळ निळं, आणि गावातल्या सगळ्या गाड्या एकाच दोन दिवसांत धुवायच्या. वॉशिंग सेंटरवर रांग लागते, पोऱ्या बोनेट उघडून इंजिनावर जेट मारतो, कारण झेंडू घालायचा तर इंजिनही चकचकीत हवं. पावसानं चार महिन्यांत जिथं पोचायचं धाडस केलं नाही, तिथं तो जेट पाच मिनिटांत पोचतो. पूजा होते, हार चढतो, आणि आपट्याची पानं वाटायला निघालेली गाडी कोपऱ्यावर अडते. इंजिन धुवायचंच असेल तर ओल्या फडक्यानं पुसावं, कॉइल आणि कपलर झाकावेत. जेट चाकांसाठी ठेवावा.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, आणि मला वाटतं खरी गोम तिथंच आहे. ओलाव्याचा बिघाड शोधायला कसबी माणसाचे दोन-तीन तास जातात आणि शेवटी निघतो चार इंच वायरीचा तुकडा. बिलावर लिहायला सामान काहीच नसतं. ‘बदललं काय?’ ‘काही नाही, जोड नवा केला.’ ‘मग एवढे कशाचे भाऊ?’ या संवादाला कंटाळून अनेकांनी शोधणं सोडलं आणि बदलणं धरलं: आधी प्लग, मग कॉइल, मग सेन्सर. मोठ्या सर्व्हिस सेंटरांत तर अख्खी वायरिंगच नवी टाकण्याचा सल्ला मिळतो. गाडी दुरुस्त होते, पाणी कुठून शिरत होतं हे मात्र जुन्या वायरिंगबरोबर भंगारात जातं. नुसत्या तपासणीचे पैसे आधी सांगून घेणारी गॅरेजं आहेत, पण तो आकडा ऐकून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. म्हणून काही हुशार मिस्त्री आता कापलेला तुकडा जपून ठेवतात. बिल देताना ग्राहकासमोर त्याचं कवच सोलतात. वरून काळं कुळकुळीत, आत हिरवी भुकटी. घासाघीस तरीही होते, पण पन्नास-शंभरावर मिटते.